कळलं की बटण दाबा

ती. स्व. दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्ध्यातूनच पावता करून घे). गुडघा कसा आहे? माझं डोकं उत्तम आहे. हे मी नाही, यंत्र म्हणतं. आणि एकाच गल्लीत राहून पत्र का, तर समोर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

परदेशातल्या नातीची भाषा शिकते म्हटल्यावर, या वयात तुझ्या डोक्यात काही शिरायचं नाही, असं सगळ्यांदेखत म्हणालास ना? मग शिरतं की नाही ते बघायलाच मी क्लासच्या बाईंनी सुचवलेल्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या संशोधक पोरीने डोक्यावर वायरींची टोपी चढवली आणि केसांत गार चिकट जेल भरलं (दोनदा न्हाले, तरी कंगवा अडकतोय). पडद्यावर त्या भाषेतली वाक्यं येणार, त्यातला एक शब्द अनोळखी. अर्थाचा उजेड पडला की बटण दाबायचं. आता मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई! पुन्हा वाचल्याशिवाय बरोबरची खूण माझ्या हातून व्हायची नाही. अर्थ कळायचा, मी परत वाचायची, खात्री करायची, तोवर वाक्य गायब. पोरगी हवालदिल. "आजी, कळलं की लगेच दाबा हो!" तुझाच चेहरा डोळ्यांसमोर आला. हरले म्हणून टोपी काढायला निघाले, तर तिने यंत्रावरच्या रेघा दाखवल्या. बटण दाबलेलं असो नसो, जवळजवळ प्रत्येक शब्दाला उजव्या कानाच्या वर जोरदार उसळी (अर्थ लागला की तिथेच उठते म्हणे)! म्हणजे डोक्यात शिरत होतं, दादा. हातच मेला भिडस्त.

तेव्हा मी शिकणार. तू कितीही नाकं मुरड.

तुझी हट्टी बहीण

ता. क. सगळ्यात मोठी उसळी शब्दाला नव्हती. घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं, तेव्हाची होती. (पातेलं गेलं.)

आणखी एक. दर रविवारी नातीच्या फोनवर तू माझा दुभाषी होऊन बसतोस (जहाजावरच्या नोकरीत ती भाषा शिकलास, मान्य), त्याचे उपकार आहेतच. पण गेल्या खेपेला पोर काहीतरी म्हणाली आणि तू सांगितलंस, "आजी, तब्येतीला जप म्हणतेय." दादा, ती म्हणाली होती, "आजोबा जरा गप्प बसतील का? मला आजीशी बोलायचंय." टोपी नव्हती, तरी कळलं. रडूच आलं मला. या रविवारी जरूर ये, चहा देईन. पण बोलणार मी. चुकत बोलेन, पण मीच.