कालिपा एजेच्या भुवया

इसिक-कुल सरोवर, उत्तर किनारा
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

प्रिय बेगायिम,

तुला आणि घरच्या सर्वांना अनेक आशीर्वाद. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? धाकटीचा खोकला गेला का? जनावरं एव्हाना कुरणावरून खाली आणली असतील. इकडे मी खुशाल आहे. तीन वेळा बसून जेवते, आणि ते अंगी लागतंय असं कमरेचं बटण सांगतं.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मला, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं, "हो एजे" आणि "बरं एजे" यापलीकडे काही बोलत नाहीस, आणि मला जे सांगायचं आहे ते दोन "बरं एजे"च्या मध्ये मावणारं नाही. म्हणून पत्र. आपल्या गावच्या गाडीचा ड्रायव्हर उद्या सकाळी निघतो आहे, त्याच्या हाती देते. मी स्वतः रविवारी पोचेन. सोमवारी जिल्ह्याचे अकीमसाहेब तुला ग्रंथालयाची प्रमुख म्हणून ठेवायचं की काढायचं हे ठरवणार आहेत, त्याआधी हे तुझ्या हाती पडलं पाहिजे.

आधी थोडी बढाई मारून घेते. उद्या मला प्रमाणपत्र मिळणार. देशभरातल्या ग्रंथालयांतून निवडून आणलेल्या चोवीस जणी, नेतृत्व शिकायला आठ दिवस, सकाळी सातला व्यायाम आणि नऊपासून दिवे लागेपर्यंत वर्ग. चोवीस जणींत थोरली मी. पहिल्या दिवशी एका मुलीने मला स्वयंपाकघरातली समजून आणखी मुरंबा मागितला. चौथ्या दिवशी तीच मुलगी माझ्या शेजारची खुर्ची पकडायला धावत होती. एकदा प्रश्न आला, वीज गेली, पगार आला नाही आणि त्याच वेळी वरून तपासणी आली तर काय कराल. बाकीच्यांनी तक्ते काढले. मी म्हटलं, हे तिन्ही आमच्याकडे एकाच आठवड्यात झालेलं आहे, काय केलं ते सांगते. अर्धा तास बोलले. शिकवायला बिश्केकहून तिलेक नावाचा तिशीतला मुलगा आला आहे, तो टिपणं बाजूला सारून ऐकत होता.

येताना मात्र मी रागात होते. तू माझं नाव पाठवलंस त्याचा मी असा अर्थ लावला, की म्हातारीला आठ दिवस सरोवरावर धाडायचं आणि तेवढ्यात, तुझ्या मनात आहे तसा, माझा काउंटर उखडून कपाटं वाचकांना मोकळी करायची. ड्रायव्हरने विचारलं, "एजे, सुट्टीला निघालात?" मी म्हटलं, "हद्दपारीला."

पहिल्या संध्याकाळी ओळखी झाल्या. आपली ओळख आपण करून द्यायची नव्हती. ज्याने नाव पाठवलं त्याचं पत्र तिलेक वाचून दाखवायचा. तू काय लिहिलंस ते तुला ठाऊकच आहे, तरी मी ऐकलं तसं उतरवते. "पगार मिळत नव्हता त्या वर्षांतही कालिपा एजेंनी ग्रंथालय एक दिवस बंद ठेवलं नाही. मी त्यांच्या शेगडीजवळ बसून वाचायला शिकले आणि हे काम त्यांच्यामुळे निवडलं. त्यांच्यासमोर मात्र माझं तोंड अजून उघडत नाही. हा दोष माझा की त्यांचा, मला ठरवता येत नाही. तुम्हाला कळलं तर मलाही कळवा." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग हात धुवायला म्हणून बाहेर गेले आणि नळ सोडून रडले.

तो काउंटर मी का बसवला हे तुला कधी नीट सांगितलेलं नाही. "नियम आहे" एवढंच म्हणत आले. तू पाळण्यात होतीस तेव्हाची गोष्ट. बाजारात सूर्यफुलाच्या बिया कागदाच्या पुड्यांतून मिळत, आणि एकदा मला त्या पुडीवर आपल्या ग्रंथालयाचा शिक्का दिसला. त्या बाईकडच्या सगळ्या पुड्या मी घेतल्या. आठवडाभर घरात सगळे बिया सोलत होते आणि मी पानांवर इस्त्री फिरवत होते. त्यानंतर काउंटर बसवला, कपाटांना कुलपं लावली, आणि ठरवलं की वाचकाने चिठ्ठी द्यायची, पुस्तक मी आणून देणार. तेव्हापासून एक पान गेलेलं नाही. याचा मला अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही. पण त्याला आता तीस वर्षं होत आली, आणि बियाही प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात.

बुधवारचं सांगते. सहा-सहा जणींचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला लोकर दाबून केलेल्या नमद्याचा एकेक तंबू उभारायला दिला. आधी गटाने आपली म्होरकी निवडायची होती. आमच्या गटाने निवड अशी केलीच नाही. मी वयाने थोरली, विषय संपला. बाकी तीन गटांनीही तेच केलं. सगळ्यांची निवड झाल्यावर तिलेकने नियम सांगितला. म्होरकीने बोलायचं नाही, हात लावायचा नाही, बोटाने दाखवायचं नाही. मी म्हटलं, "मग म्होरकी कशाला? एक खुंटी रोवा."

पाचही जणी माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांतली मुयस्सर माझ्याच खोलीत असते. ती दक्षिणेतल्या ओशकडची, तिने जन्मात तंबू उभारलेला नाही, पण जीभ चांगली चालते. ती म्हणाली, "अगं बायांनो, एजेच्या भुवया बघा. डावी वर गेली की चुकतंय, दोन्ही खाली आल्या की बरोबर." आणि खरोखर तसं काम सुरू झालं. मला मजा वाटायला लागली. जाळीच्या भिंती उभ्या राहिल्या, दाराची चौकट बसली. मग माथ्यावरचं लाकडी चक्र, तुंदुक, मुयस्सर आणि आणखी एकीने काठीवर वर उचललं. डोक्यावर एवढं वजन, आणि दोघी वर बघायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. चक्र कलंडलं ते मुयस्सरच्या खांद्यावर आलं.

हाड शाबूत आहे, निळं झालं आहे एवढंच. खाली बसून खांदा चोळत ती म्हणाली, "एजे, रागवू नका. तुम्ही जरा चहा पिऊन या. तुम्ही समोर असलात की आमचे हात आमचे राहत नाहीत."

मी रागावले. चहाबिहा न घेता थेट पाण्यापर्यंत गेले आणि तिथे दगडावर बसून मनात मुयस्सरला बरंच सुनावलं. सुनावता सुनावता मला तू दिसायला लागलीस. चार वर्षं तू प्रमुख आहेस. चार वर्षं कुठल्याही कागदावर सही करण्याआधी तू मान वर करून माझ्याकडे बघतेस. आणि मला ते आवडत होतं. बेगायिम, मला ते फार आवडत होतं.

परत आले तर तंबू उभा. दार सरोवराकडे. दार पूर्वेला हवं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी काही बोलले नाही. भुवयाही जागच्या हलू दिल्या नाहीत, त्याला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. मुयस्सर म्हणाली, "पाणी दिसावं म्हणून तसं ठेवलं." आत मला मानाच्या जागेवर बसवलं. बसले, उगाच खोटा विनय कशाला. समोर सगळं सरोवर दिसत होतं, आणि त्या पाचजणी कुणी काय केलं ते एकमेकींचं बोलणं तोडून सांगत होत्या. मला त्यांचा अभिमान वाटला. त्यात माझा काही हात नव्हता, तरी वाटला. असा अभिमान मला या वयापर्यंत ठाऊक नव्हता.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तीन पानं झाली आणि मी अजून इकडचं तिकडचं लिहिते आहे.

गावातल्या ज्येष्ठांनी तुझ्याविरुद्ध अकीमसाहेबांकडे जो एक्केचाळीस सह्यांचा अर्ज दिला, तो मी लिहिला. अक्षर त्या ज्येष्ठांतल्या ओस्मोन आकेंचं, शब्द माझे. "प्रमुख वयाने लहान आहे, अनुभव नाही, कपाटं उघडी सोडली तर वर्षभरात ग्रंथालय रिकामं होईल." हे मी त्यांच्या घरी बसून सांगत गेले आणि ते उतरवून घेत गेले. सह्यांसाठी मला फिरावं लागलं नाही. वीस वर्षं ज्यांच्या दारात मी वर्तमानपत्र पोचवलं ते माझ्या नावावर डोळे मिटून सही करतात. त्यानंतर तू घरोघर फिरलीस, आपलं काय चुकलं म्हणून म्हाताऱ्यांना विचारत. दमून माझ्याकडे आलीस. मी तुझ्या चहात माझ्या हाताने जर्दाळूचा मुरंबा घातला आणि म्हटलं, "सबुरीने घे, म्हातारी माणसं आहेत." अर्जापेक्षाही मला त्या वाक्याची लाज वाटते.

काल ओस्मोन आकेंना फोन केला आणि अर्ज मागे घ्या म्हटलं. ते भडकले. "तेव्हा म्हणालीस लिहा, लिहिलं. आज म्हणतेस खोडा. मी काय तुझ्या टेबलावरचा शिक्का आहे? आधी त्या पोरीपुढे तोंड उघड. मग तिने येऊन मला विचारलं, तर मी तिला उत्तर देईन, तुला नाही." आणि फोन ठेवला. हा माणूस माझ्याशी असं कधी बोलला नव्हता. बोलला ते बरोबर बोलला.

पत्रासोबत एक वेगळा कागद आहे. त्यात लिहिलं आहे की अर्ज मी लिहवून घेतला, कपाटांची भीती माझी होती, आणि प्रमुख म्हणून तू चार वर्षांत ग्रंथालयाचं कसलंही नुकसान केलेलं नाही. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, सही. हा कागद मी परस्पर अकीमसाहेबांकडे धाडणार होते. पाकीटही आणलं. मग वाटलं, तोही माझाच कारभार झाला असता. आग मी लावायची आणि विझवल्याची शाबासकीही मीच घ्यायची. म्हणून तुझ्याकडे देते. बैठकीत ठेवायचा की फाडायचा, ते तू ठरव. ठेवलास तर अकरा महिन्यांनी यायची ती माझी निवृत्ती सोमवारीच येईल. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. एकतीस वर्षांत मी दुसरं काही केलेलं नाही.

पण तू काहीही ठरवलंस तरी ते योग्य माणसाने ठरवलं असं मी गावभर सांगेन. माझ्या हाताखाली शिकलीस म्हणून नव्हे. हे काम तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं, हे मला दोन वर्षांपासून दिसतं आहे, आणि तुला सोडून मी ते सगळ्यांना सांगितलं आहे. माझ्या बहिणीला विचार. इथे चोवीस जणींत मी तुझ्याविषयी इतकं बोलले की मुयस्सर म्हणाली, "ही बेगायिम तुमची मुलगी का?" मी म्हटलं, "नाही, माझी साहेब."

सोमवारी मी दाराजवळच्या खुर्चीवर बसेन आणि कुणी विचारल्याखेरीज बोलणार नाही. तू उभी राहशील तेव्हा माझ्याकडे बघू नकोस. समोर बघून बोल.

तुझ्या ग्रंथालयातली,
कालिपा