मामांचं काम यंत्राला शिकवलं, आप्पा

आप्पा, तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली आणि मी पहिल्यांदा तुम्हाला काही लिहितेय, तेही भांडायला. तुम्ही होता तेव्हा भांडायची सोय होती कुठं? ‘गप बस’ ऐकतच मी मोठी झाले. आता माझ्या स्टुडिओत वीस माणसांसमोर तासभर बोलते, तरी मधेच वाटतं, मागून कुणीतरी दटावेल.

उद्यमनगरात फौंड्रीच्या मागं तुमची आणि मामांची ती पत्र्याची शेड होती. सागवानाचा भुसा, सरसाचा वास, आणि तुम्ही दोघं लाकडाचे पॅटर्न करताय. पंप असो की इंजिनाचा एखादा भाग, आधी तो तुमच्या हातून लाकडात उतरायचा, मग वाळूत त्याचा ठसा, मग लोखंड. मी डबा घेऊन यायची. मामा सख्खे नव्हेत, तुमचे जोडीदार, पण हाक मारून रंधा माझ्या हातात देणारे तेच. तुम्ही म्हणायचा, ‘डबा ठिवलास? मग जा की आता.’ सहावीत असताना मी तुमची स्टीलची पट्टी गुपचूप घरी नेली, शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचं घर केलं. अर्ध्या भिंती कंपासातल्या पट्टीनं मापल्या, अर्ध्या तुमच्या पट्टीनं. काही म्हणता काही जुळेना. तुम्ही कानाखाली वाजवलीत. ‘पोरींच्या खेळायची न्हवं ती!’ लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो, आणि म्हणून तुमच्या पट्टीतला प्रत्येक सेंटीमीटर मुद्दाम जरासा लांब होता, हे मला कॉलेजात एका परक्या माणसानं सांगितलं. दोन वाक्यांचं काम होतं, आप्पा. तेवढीही मला दिली नाहीत.

आता माझा स्टुडिओ कळंब्याच्या रस्त्याला आहे. डिझाइन मी बघते, माझी भागीदार तत्त्वज्ञान शिकवायची ती नोकरी सोडून आली, आणि उरलेलं काम आमची माणसं आणि एआय मिळून करतात. दर सोमवारी कामाआधी आम्ही एकाच प्रश्नावर तासभर बोलतो. तुम्ही हसला असता, पण लोकांना हे फार आवडतं. गेल्या वर्षी तुमच्या फौंड्रीच्या मालकांचा मुलगा आला. आता तोच मालक. म्हणाला, जुने मिस्त्री संपत चाललेत, त्यांची अक्कल यंत्रात भरून द्या. जुने मिस्त्री म्हणजे एकटे मामा उरलेत. त्या सोमवारी प्रश्न होता, हाताला जे कळतं ते ज्ञान की सवय? काय सुंदर बोललो आम्ही! कॉफीवर कॉफी झाली. ज्याचा हात, त्याचं पुढं काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मामा आधी दाद देईनात. कॅमेरा बघून म्हणाले, ‘ह्यो डबा माझ्याकडं का रोखलाय?’ मग आम्ही शेडमधले जुने पॅटर्न लेसरनं मापले, यंत्राला दिले, त्यानं नवा पॅटर्न काढला. ओतून आला तो ढब्बू. कशात बसेचना. मालक चिडला, मी चिडले, मामा मात्र बाकावर मांडी घालून खो खो हसले. ‘आगं, लाकूड आधीच वाढवून केल्यालं असतंय. तुझ्या यंत्रानं त्यात आणि वाढ घातली की! पॅटर्नवाल्याच्या लेकीनं असं करावं व्हय?’ तुमची लेक म्हणाले आणि त्यांचा आवाज बदलला. मी ते बरोबर हेरलं. दुसऱ्या दिवशी तुमचा फोटो घेऊन गेले. मुद्दाम. मी म्हणाले, ‘आप्पांनी मला काही शिकवलं नाही, मामा. तुम्ही तरी शिकवा.’ खोटं काही नव्हतं त्यात, पण ते मी कामाला लावलं.

तीन महिने मामा शिकवत होते. नगाची जाड भिंत थंड होताना बाजूच्या लोखंडाला कशी ओढते, कोपऱ्यात मेण किती भरायचं, पॅटर्न वाळूतून अलगद सुटावा म्हणून कडेला उतार किती द्यायचा. आकडा विचारला की लाकडावरून अंगठा फिरवून म्हणायचे, ‘एवढा.’ आम्ही तो अंगठा मापायचो. घरनं डबाभर भडंग आणायचे सगळ्यांना. एकदा म्हणाले, ‘तुझा बाप कुणाला का सांगत न्हवता, ठावं हाय? म्हणायचा, सांगितलं की आपुन संपलो. मी म्हणायचो, मेल्यावर संगं नेणार हाईस व्हय?’ ऐकून मला तुमचा इतका राग आला! पोटच्या पोरीची कसली हो भीती? मी काय तुमचं काम काढून घेणार होते?

दिवाळीनंतर यंत्राला जमलं. लागोपाठ सगळे नग बरोबर आले. मामांना शाल, नारळ, हार मिळाला आणि उद्यापासून आराम करा असं सांगण्यात आलं. त्यांच्या घरी कोण आहे? मामी जाऊनही वर्षं झाली. चार दिवसांनी ते स्टुडिओत आले. रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ‘यंत्र झ्याक हाय तुझं. मी फकस्त शेडात बसू द्या म्हणालतो, त्ये बी न्हाय म्हणाले. सकाळी आठला पाय तिकडंच वळत्यात, पोरी.’ मी म्हणाले, ‘मी बोलते मालकांशी.’ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पाणी पिऊन गेले.

आप्पा, मालकांशी माझं बोलणं आधीच झालं होतं. यंत्राला जमलं त्याच दुपारी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘मॅडम, मामांना ठेवायला पाहिजे का? तुम्ही म्हणत असाल तर राहू देत की.’ माझ्या एका ‘हो’वर होतं सगळं. भागीदार टाळ्या वाजवत होती, मला स्वतःचं इतकं कौतुक वाटत होतं, आणि मी म्हणाले, ‘छे, आता काही गरज नाही.’

मामा अजून वाट बघताहेत, मी कधी बोलते याची. हे पत्र खरं तर त्यांना लिहायचं. स्टुडिओतून निघालं तर दहा मिनिटांवर त्यांचं घर आहे. तुमच्या नावानं लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.