दौंडची तारीख

३ फेब्रुवारी, शिरूर
यांच्या छातीतल्या महाधमनीचं ऑपरेशन झालं, जीव वाचला — पण आवाज गेला! आज दौंडच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावली. डावा स्वरतंतू हलतच नाही. "इंजेक्शन देऊ. आवाज सुधारेल, ठसकाही कमी लागेल. दहा तारखेला या."
बसमध्ये हे कुजबुजले, "चौदा एप्रिलला, जयंतीला बोलता येईल?"
म्हटलं, गप्प बसा. ताण नको.

८ फेब्रुवारी
केंदूरचे हौसराव आले. त्यांच्या वारलेल्या वडिलांचं पुण्यानुमोदन, आदरांजलीची सभा. "आबांना बोलवत न्हाई आता. वहिनी, तुमीच बोला चार शब्द."
तीस वर्षं यांची भाषणं मी लिहिते. लोक म्हणतात, काय डोकं आबांचं! यांनी कधी खरं सांगितलं नाही. मीही नाही.
हो म्हटलं. मग कळलं — दहा तारीखच!

९ फेब्रुवारी
दौंडला फोन करून तारीख पुढं ढकलली. यांना सांगितलं, डॉक्टर बाहेरगावी गेलेत.
"मग तू जा केंदूरला," म्हणाले.

१० फेब्रुवारी
बोलले. पंचवीस मिनिटं, कागद न बघता! बाया पुढं सरकून बसल्या. एक म्हातारी म्हणाली, "इतकी वर्सं कुठं व्हतीस गं?"
घरी आले तर शेजारची ताईबाई यांची पाठ चोळत बसलेली. यांना पाणी पिताना ठसका लागला होता. श्वास अडकला, हाक मारता येईना. तांब्या भिंतीवर आपटत राहिले.
ताईबाई म्हणाली, "कवाधरनं आवाज येत व्हता. मला वाटलं, तुमीच खलबत्त्यात कुटताय."

११ फेब्रुवारी
एका खोट्यासाठी दीक्षाला लहानपणी दिवसभर उपाशी ठेवलं होतं मी. पोटची पोर.

१७ फेब्रुवारी
इंजेक्शन झालं. यांना बाहेर बसवून डॉक्टरांना विचारलं, आठवड्यानं काही बिघडलं का?
"घशाचं नाही. पण ठसक्यात पाणी फुप्फुसात उतरलं असतं तर?"
येताना बसमध्ये दीड तास हे शेजारी बसले होते. तारीख मीच ढकलली, हे सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी
आवाज आला! बारीक, खरखरीत. पहिला फोन हौसरावांना, माझ्यासमोर.
"चौदा एप्रिलला हिलाच बोलवा. आजवर मी बोललो ते सगळं हिनं लिहिलेलं. मी लपवलं. चुकलं माझं. गावात सांगा सगळ्यांना."
फोन ठेवून माझ्याकडं बघत राहिले.
मी दळणाचा डबा उचलला आणि दौंडच्या तारखेचं न सांगताच बाहेर पडले.