उजव्या कोपऱ्यातली गर्दी

रविवार, ६ फेब्रुवारी २००५

आजही नातीचं, सौंदर्याचं, तोंड पडद्यावर अडकलं! आ वासलेलं, तसंच. तिचा आवाज येतोय — "आज्जी, माझा दात पडला" — आणि पडद्यावर दात अजून जागेवर. ही पडद्याला नाक लावून विचारते, "कुठं पडलाय गं?"

शेवटी वीरेश म्हणाला, "अप्पा, मशीन लय स्लो झालंय. असंच चाललं तर रविवारचं हे बंद ठेवू. फोनवर बोलत जाऊ."

फोनवर! फोनवर मुलगा दोन वाक्यं बोलतो आणि "ठेवतो" म्हणतो. पुणं ते कळंबा, लांब ते काय? गणपतीत आला, आपलं जुनं कॉम्प्युटरचं मशीन मेजावर ठेवलं, "आता रोज भेटल्यासारखंच की" म्हणाला आणि गेला. तेव्हापासून आलेला नाही. हे बंद झालं तर हिनं त्याला बघायचं कुठं?

मंगळवार, ८ फेब्रुवारी

सकाळी नेहमीप्रमाणे इंटरनेटवर मराठी पेपर बघायला मशीन चालू केलं. अंघोळ करून आलो तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ. खाली उजव्या कोपऱ्यात एकेक चित्र येऊन बसतं — ढाल, छापायचं यंत्र, गाण्याचं, एक हसरं तोंड. यांना बोलावलं कोणी? परवा बटण जोरात दाबलं गेलं, त्यानं तर नाही?

बुधवार, ९ फेब्रुवारी

टायपिंग क्लासच्या संयोगिताबाईंना घरी बोलावलं. बघून हसल्या.

"आजोबा, मशीन चालू झालं की हे सगळे आपापलं नवीन काय आलंय ते आणायला इंटरनेटवर पळत्यात. गाणीवाला, ढालवाला, प्रिंटरवाला. वायर एकच! तुमची नात अडकणारच की."

"पण प्रिंटर घरातच न्हाय."

"ते त्याला कुठं म्हाईत हाय!"

मला लगेच पटलं. शिरोलीला आमच्या फाउंड्रीत सगळ्या मोटारी एकदम लावल्या की फ्यूज उडायचा. तेच हे.

त्यांनी नावांची पाटी उघडून दिली. नावापुढची खूण काढली की तो आपणहून सुरू होत नाही. म्हणाल्या, "ढाल ऱ्हाऊ द्या, व्हायरस अडवती ती. तिचं लय साचलंय, एकदा सगळं उतरवून घेऊ द्या. बाकी नको ती काढा." क्लासची वेळ झाली म्हणून गेल्या. कोणती नको, ते विचारायचं राहिलं.

गुरुवार, १० फेब्रुवारी

इंग्रजी अक्षरं जोडून वाचतो, अर्थ लागत नाही. फाउंड्रीच्या गेटवर नियम होता — ओळख नाही तो बाहेर. ढाल सोडून सगळ्यांच्या खुणा काढल्या. हसऱ्या तोंडाचीसुद्धा. रविवारचं बोलणं त्याच्यातूनच होतं, मान्य. पण त्याचं काम रविवारी. रोज सकाळपासून येऊन बसतो कशाला?

बंद करून चालू केलं. इतकं पटकन सुरू झालं की भीतीच वाटली! काही मोडलं तर नाही?

मग ढालीसाठी फोनच्याच वायरीवर इंटरनेट लावून ठेवलं. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पायानं भरते. मध्ये तोडलं तर पहिल्यापासून, म्हणून हात लावला नाही.

"दिवसभर फोन अडकून पडलाय," ही म्हणाली.

म्हटलं, आपल्याला फोन करतंय कोण?

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

लाईट गेली. सगळं पहिल्यापासून! लाईट आल्यावर परत लावलं. हिला फोनजवळ जाऊ दिलं नाही.

शनिवार, १२ फेब्रुवारी

उजाडायच्या सुमारास दार कोणीतरी फोडायला लागलं. उघडलं तर वीरेश! अंगात हापिसचे कपडे, पायात घरातल्या सपाता. मला बाजूला सारून सरळ स्वयंपाकघरात गेला. ही चहा गाळत होती. तिला बघितलं आणि तिथंच खाली बसला. मग ओरडला.

"दोन दिवस फोन एंगेज! आणि तुमचं नाव करडं!"

"कसलं नाव?"

"ते हसरं तोंड, अप्पा! तुम्ही सकाळी मशीन लावून इंटरनेटला गेलात की ते आपोआप सुरू हुतंय, आणि तिकडं माझ्याकडं तुमचं नाव हिरवं हुतंय. हापिसात गेल्या गेल्या पहिलं तेच बघतो. हिरवं दिसलं की समजायचं, उठलेत दोघं. मग कामाला लागतो."

"रोज?"

"रोज."

"मग सांगायचं न्हाईस व्हय रे?"

"त्यात काय सांगायचं! आणि शेजारच्या एकाचाबी नंबर माझ्याकडं न्हाय. बसमध्ये काय काय मनात आलं..."

मी म्हटलं, "मशीन मात्र फास्ट झालंय."

ही त्याच्या केसांतून हात फिरवत होती. चहा निवला.

रविवार, १३ फेब्रुवारी

पुण्याहून सौंदर्या दिसली. एकदाही अडकली नाही. दाताची खिडकी स्पष्ट! पण ही पडद्याकडं बघतच नव्हती, शेजारी बसलेल्या वीरेशकडं बघत होती.

त्यानं हसऱ्या तोंडाची खूण परत लावली. "अप्पा, आता ह्याला हात लावायचा न्हाय." दुपारच्या बसनं गेला.

सोमवार, १४ फेब्रुवारी

मशीन लावलं. हसरं तोंड आलं. म्हणजे तिकडं हिरवं झालं असणार. हिनं मशीनला आजवर कधी बोट लावलेलं नाही. आज खुर्ची ओढून शेजारी बसली. म्हणाली, "ती खूण काढायची कशी, मला जरा दावा की."