वेगळी वायर

प्रिय शाहीन बेटा,

एका वायरीचा खरा खर्च सांगतो. दुकानात ती दीडशे रुपयांना मिळते. मी ती टाकली नाही, म्हणून एक डिस्क जळाल्याचं वेळेवर कळलं नाही, दवाखान्याचं अर्ध्या दिवसाचं काम अडलं आणि दुकानात माझ्या हाताखाली काम करणारा, सदा हसणारा आपला रविराज माझ्याकडे असं बघायला लागला, की मलाच नजर चुकवावी लागते. इतका महाग सौदा मी आजवर केला नव्हता.

गेल्या ईदला आलीस तेव्हाच तू बोलली होतीस. दुकानामागच्या खोलीतल्या त्या सर्व्हरच्या पेटीत गेवराईतल्या दोन दवाखान्यांचे एक्स-रे, स्कॅन, सगळं राहतं. ते ज्या वायरीनं येतात-जातात, तिच्यावरूनच मी पेटीचा कारभारही चालवायचो. तिला हुकूम द्यायचा तर तिथून, तिची तक्रार यायची तर तिथूनच. तू पेटीमागचं रिकामं भोक दाखवून म्हणालीस, अब्बा, हे कारभारासाठीच वेगळं दिलंय, ह्याला वेगळी वायर टाका. रस्ता एकच असला आन् त्यावर वाळूच्या हायवा गाड्या लागल्या तर ॲम्ब्युलन्स जाईल कुठून? मी हसलो. म्हणालो, अगं, नुसत्या आवाजावरून रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरचं बेअरिंग कधी बसणार ते सांगणारा हा यासीन, रेडिओ खोलता खोलता इथवर आला, त्याला यंत्राचं दुखणं ऐकायला वायर कशाला? कान हायेत की. तुझी अम्मीही हसली. तू नाही हसलीस.

गुरुवारी दुपारी मोठ्या दवाखान्यानं आपले सगळे जुने स्कॅन एकदम पाठवायला घेतले. वायर तुडुंब. त्यातच एक डिस्क गेली. पेटीनं तक्रार पाठवली असणारच, पण ती त्याच गर्दीत अडकली. मी पेटीशेजारी खुर्ची टाकून चहा पीत होतो. रविराज नेकनूरचं काम आटपून आला आणि दारातच थबकला. "चाचा, कवाची कोकलतीय ही, आन् तुमी निवांत चहा पिताय?" मी म्हणालो, आत्ताच उठत होतो. तो माझ्याकडं बघत कॉम्प्युटरकडं गेला.

एक डिस्क गेली तर बाकीच्या तिचं ओझं उचलतात, दुसरी गेली की सगळंच गेलं, हे तू जाणतेस. दुसरीचा दिवाही पिवळा झाला होता. रविराज कॉम्प्युटरवरून 'थांब' म्हणून हुकूम देत होता, पण पानच उघडेना, चक्र नुसतं फिरत राहिलं. हुकूमही त्याच गर्दीच्या मागं उभा. वीज तोडावी तर अर्धवट लिहिलेलं सगळं खराब होणार. तेवढ्यात दवाखान्यातून डॉक्टर प्रियदर्शनींचा माणूस धापा टाकत आला, म्हणाला, नेकनूरच्या मनकर्णाबाईंना ऑपरेशनला घेतायत, मेंदूचा आधीचा स्कॅन फक्त तुमच्याकडं हाय, आन् तुमी फोन कावून उचलत न्हाई? फोन माझ्या खिशातच होता.

शेवटी रविराजनं दवाखान्याकडून दुकानात येणारी वायरच उपटली, दुकानातून पेटीला जाणारी तेवढी ठेवली. गर्दी ओसरली, हुकूम पोचला, पेटीचं लिहिणं थांबलं. आधी मनकर्णाबाईंचा स्कॅन काढून दिला, मग नवी डिस्क घातली. तिच्यावर सगळं पुन्हा उतरेपर्यंत मी पेटीवर तळवा ठेवून उभा होतो. रविराजला वाटलं, दुआ मागतोय. मी पंखे फिरतायत का ते बघत होतो. बाई बऱ्या आहेत. तू दाखवलेल्या भोकात आता लाल वायर आहे, आणि तक्रार सरळ रविराजच्या मोबाईलवर जाते.

हे सगळं घरच्या ग्रुपवर टाकलं असतं, पण तिथं तुझ्या अम्मीपासून चौसाळ्याच्या मावशीपर्यंत सगळ्या वाचतात, आणि अम्मीला मी घाबरलोय हे एवढ्यात कळायला नको. म्हणून हे कागद कुरिअरनं. फोनवर का नाही, तेही सांगतो. वर्षभर मी तुला रेंज नाही म्हणतोय ना, रेंज चांगली आहे. रविवारी तू बराच वेळ काहीतरी सांगत होतीस, मी आपला 'हां बेटा, अच्छा बेटा' करत राहिलो. शेवटी तू काहीतरी विचारलंस, आणि मी हो म्हणालो. त्यावर तू रडलीस का हसलीस, तेही मला कळलं नाही. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. मी कशाला हो म्हणालो, ते मला लिहून कळव. फक्त मला. काल रविराजनं तपासायला म्हणून पेटीचा भोंगा मुद्दाम वाजवला. मी हातभर अंतरावर उभा होतो. मला काही ऐकू आलं नाही.

तुझ्या चिठ्ठीची वाट बघणारा, तुझाच
अब्बा