नानासोकाका, मला परत बोलवा

सांगली, ७ जुलै १९७३

ती. स्व. नानासोकाका यांस,

गुंडाचा टाचा जुळवून नमस्कार. मी जिवंत हाय, एवढीच इकडची खुशाली. काकूचा गुडघा कसा हाय? तिचा डबा तासगावच्या एस्टीनं रोज येतो, पण भीतीनं घास उतरत न्हाई. (हे तिला सांगू नका, ती पुढच्या गाडीनं स्वतःच येईल.)

काका, तुमी पलटणीत जन्म घालवला, म्हणून तुमचं ऐकलं आन् तिथंच घात झाला. तुमी म्हणाला होता, "गड्या, कॉलेज म्हंजे पलटणच. नाव पुकारलं की ताठ उभं राहायचं, टाच आपटायची आन् बेंबीच्या देठापासून ओरडायचं." पहिल्याच तासाला इंग्रजीचे सर हजेरी घ्यायला लागले. बाकीची पोरं बसल्या जागी "यस सर" पुटपुटत होती (चार दिवस तापानं पडल्यासारखी). माझं नाव आलं. मी उठलो, नाल मारलेल्या वहाणा फरशीवर खाडकन आपटल्या आन् गरजलो, "हाजीर, साहेब!" सरांच्या हातातली हजेरी उडाली आन् सर टेबल धरून मटकन खाली बसले. वळचणीची पारवी उडाली, ती अजून परतली न्हाईत. पोरी तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. हुकूम मिळाल्याबिगर हलायचं न्हाई, हेही तुमीच सांगितलेलं. हुकूम कुणी दिलाच न्हाई, म्हणून तास संपेतोवर मी तसाच उभा.

आता सगळी पोरं मला हवालदार म्हणतात. त्यात आज शिपाई सांगून गेला, संध्याकाळी सरांनी खोलीवर बोलावलंय. माझी तर पाचावर धारण बसलीय. नाव काढून टाकणार, दुसरं काय? आपल्या घरातनं कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आन् आठवड्यात हाकलला गेलो तर गावात कुठल्या तोंडानं येऊ? त्यापरीस तुमीच बोलावून घ्या. कुणीतरी लय आजारी हाय अशी तार करा. (काकूचं नाव घालू नका, ती भांडेल.)

आपला भेदरलेला पुतण्या,
गुंडा

ता. क. : पत्र पेटीत टाकायचं राहिलं आन् सरांकडं जाऊन आलो. दारातच म्हणाले, "ओरडू नकोस बाबा, बस." सर शिरवळचे, मिसरूड आत्ता कुठं दाट झालेली. त्यांचीही नोकरी याच आठवड्यात लागलीय. म्हणाले, "पोरांच्या भीतीनं मी वर्गात शिरलो की हजेरीत तोंड खुपसतो. तू उठलास तेव्हा वाटलं, मारायलाच आलास." मग त्यांनी पहिला धडा मराठीतनं समजावला. कळला! रोज संध्याकाळी ये म्हणाले. मी पुढच्या बाकावर बसून दंगेखोर पोरांकडं नुसतं बघायचं, एवढंच त्यांचं मागणं.

आणखी ता. क. : तार करू नका. सर म्हणाले, "तू गेलास तर माझाही इथं टिकाव लागणार नाही." भीती हायच, पण आमी ती वाटून घेतलीय. काकूला सांगा, डब्यात दोन भाकरी जादा घाल. सरांनाही घास उतरत न्हाई. आन् काका, पलटणीत पहिल्या दिवशी तुमाला भ्या वाटलं होतं का? खरं लिहा. आमी दोघं वाट बघतोय. काकूला सांगणार न्हाई.