तुम्ही सांगितलेला तेलुगू पिक्चर

अण्णा, तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं कारण मला गेल्या मंगळवारी सापडलं. मेलेल्या बापाशी भांडते म्हणून कुणी हसलं तर हसू दे. इथं धाराशिवात आमच्या शेजारी एक तेलुगू बाई राहतात. त्यांनी मोबाइलवर त्यांचा जुना कौटुंबिक सिनेमा लावला होता, मी मेथी निवडत बसले होते. गाणं सुरू झालं आणि माझा हात थांबला. आधी सनई, मग बाईचा एकटा आवाज, मधेच सगळी वाद्यं गप्प. दुष्काळाच्या साली आपल्या सोसायटीच्या गोदामात ऐकलेलं तेच गाणं.

अर्धं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं, सभेला माणसं जमेनात, म्हणून चेअरमननी सोलापूरहून पिक्चर मागवला. ‘कौटुंबिक पाठवा’ एवढंच कळवलं, भाषा लिहायची राहिली, आणि रिळांची पेटी आली ती तेलुगू. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी, तरुणपणी वरंगळला कापडदुकानात राबलेले. चेअरमन म्हणाले, “सेक्रेटरी, तुमाला येतंय न्हवं? मग सांगा की मराठीत. आता कुठं परत पाठवता!” भर दुपार आहे. गोदामाच्या खिडक्यांना खताची पोती लावलीत. तुम्ही पडद्याच्या बाजूला माइक धरून उभे. नट बोलतो, मग तुम्ही बोलता, आणि बाया डोळ्याला पदर लावतात. पडद्यावर एक रागीट बाप आहे आणि शिकायला परगावी जायचं म्हणणारी त्याची थोरली मुलगी. ती गायला लागते. एरवी गाण्याला तुम्ही गप्प राहत होता, या गाण्याला मात्र बोललात. “पोरगी म्हणतीय, बाबा, माझं शिक्षण ऱ्हाऊ द्या. धाकट्यांचं मी करते. ह्या घरातच माझं सुख हाय.” हे सांगताना तुम्ही पडद्याकडं बघत नव्हता. बायांच्या रांगेत बसलेल्या माझ्याकडं बघत होता.

माझाही परगावच्या मास्तरकीच्या कॉलेजात नंबर लागला होता. आई तलावाच्या कामावर, घरी तीन धाकटी भावंडं. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, “बघितलंस का, केवढं मन त्या पोरीचं!” कॉलेजचा कागद मी माझ्या हातानं चुलीत घातला आणि घालताना मला अभिमान वाटला, अण्णा! वर ते गाणं, एक शब्द कळत नसताना, भाकरी थापताना गुणगुणत राहिले. पुढं लेकींनाही त्याच चालीवर झोपवलं.

मंगळवारी बाईंना विचारलं, ही काय म्हणतेय? त्या हसल्या. “अहो, भांडतेय ती बापाशी! मला अडवाल तर या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही, म्हणते.” तुम्हाला तोंडावर ‘जाऊ नको’ म्हणता येत नव्हतं? दुष्काळ आहे, आई थकलीय, थांब, एवढं सांगायचं होतं. मी रडत का होईना, थांबले असते. निदान तुमच्यावर राग तरी धरला असता. तुम्ही गावादेखत, दुसऱ्याच पोरीच्या गळ्यातून मला थांबवलंत, आणि माझ्याकडूनच हौसेनं होकार घेतलात. ही शुद्ध लबाडी आहे. सेक्रेटरी म्हणून गावानं तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तुम्ही तो पोटच्या मुलीवर वापरलात.

हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. बाईंनी मला शेवट दाखवला. ती मुलगी भली मोठी ट्रंक घेऊन एकटीच मोटारीत चढते, आणि बाप फाटकाशी हात जोडून उभा. तुम्ही माइकवर सांगितलं होतंत, ती देवाला निघालीय, सांजच्याला माघारी येईल. ट्रंक घेऊन देवाला कोण जातं, अण्णा? हे मला त्या दिवशी गोदामातच कळलं होतं. होस्टेलात एकटीनं राहायची मला भीती वाटत होती, म्हणून मी तुमचं खरं मानलं.